पाणी ओतू नका

अहो, तुमचे डेरे अजून परसात पालथेच आहेत. तुम्हाला जाऊन पंधरवडा उलटला. आत्यांनी हंडे-घागरी पुन्हा भरल्या, चूल पेटली, पाहुणे आपापल्या गावी गेले, पण त्या तीन डेऱ्यांना कुणी सरळ केलं नाही. सरळ करून त्यांत भरायचं काय, हे मला कळत नाही. बाकीच्यांना तर ते रिकामे झालेत हेच कळलेलं नाही.

हे लिहायला बसले, कारण तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती या घरात दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. आत्यांना, तुमच्या आईला, वाचता येत नाही. मी त्यांना अक्षरं शिकवायला घेतली होती, ठाऊक आहे तुम्हाला. बरं झालं त्या ‘ग’च्या पुढे गेल्या नाहीत.

लग्न ठरलं तेव्हा भूमला आमच्या गल्लीत बातमी पसरली की विमलला डॉक्टर नवरा मिळाला. दादांनी समजावून सांगितलं, हा तसला डॉक्टर नव्हे, हैदराबादेत संशोधन करतो, पाणगवताच्या पेशीतल्या विजेचा अभ्यास आहे. त्यानं घोटाळा वाढलाच. तुमच्या गावात तरी कुठं निराळं होतं? सुट्टीत तुम्ही आलात की ओसरीवर माणसं पाय पुढे करून बसायची. कुणाच्या घोट्यातून नारूचा जंत बाहेर आलेला, कुणाची नडगी सुजलेली. तुम्ही गरम पाण्यानं जखम धुवायचात, पट्टी बांधायचात आणि तेरच्या दवाखान्यात पाठवायचात. एकदा मीच त्यांना म्हणाले, “हे गवताचे डॉक्टर आहेत, यांना पाय दाखवून काय होणार?” तर शेजारच्या गोदाकाकू म्हणाल्या, “आसूं दे बाई. ज्येला गवताची कीव येती, त्येला मानसाची यीनच.” तुम्ही मान खाली घालून पट्टी बांधत होतात, पण तुमचे कान लाल झालेले मी पाहिले.

लग्नानंतर पहिल्या सुट्टीत तुम्ही माझ्यासाठी काय आणलंत? एक काचेची बरणी आणि मलमलचं फडकं. मला वाटलं लोणच्याला असेल. तुम्ही मला बारवेवर घेऊन गेलात, खालच्या पायरीवर उकिडवे बसलात आणि पाण्यात हात घालून एक हिरवा झुपका हळूच वर काढलात. त्याला लसणीसारखा उग्र वास येत होता. “ही माझी,” तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, “म्हणजे घरात सवत असताना मला आणलीत.” तुम्ही इतके हसलात की पायरीवरून घसरता घसरता राहिलात. त्या दिवसापासून तिचं नाव सवतच पडलं. इंग्रजीतलं नाव तुम्ही दहादा सांगितलंत, माझ्या जिभेला ते कधी वळलं नाही.

मग तुम्ही कॉलेजातून जुना मायक्रोस्कोप उसना आणलात आणि खिडकीत उन्हाला लावलात. माझं डोकं धरून डोळा नळीला लावलात. “ही एक खोली आहे,” म्हणालात. “एकच. बोटाच्या पेराएवढी लांब. तुझ्यामाझ्या अंगातल्या असल्या खोल्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, हिची दिसते. म्हणून तिच्यात सुई घालता येते.” मला आधी हिरवं हिरवं दिसलं, मग त्या हिरव्याच्या आत काहीतरी वाहताना दिसलं. एका भिंतीनं वर जायचं, दुसरीनं खाली यायचं, पुन्हा वर.

“चाललंय कुठं हे?”

“कुठंच नाही. जिवंत आहे म्हणून फिरतंय.”

आणि तुम्ही सुईच्या टोकानं तिला नुसतं टोचल्यासारखं केलंत. सगळं जागच्या जागी थांबलं. मी घाबरून म्हणाले, “मारलीत की तिला.” तुम्ही म्हणालात, “थांब.” आणि उर्दूत आकडे मोजायला लागलात. तुमची सगळी शाळा निजामाच्या राज्यात झालेली, मोजणं आणि पाढे तुमचे तेव्हापासून उर्दूतच. प्रबंध इंग्रजीत लिहायचात, भांडायचात मराठीत, पण मोजायचात उर्दूत. खूप वेळ काही झालं नाही. मग आत एक कण हलला, थबकला, पुन्हा हलला, आणि हळूहळू सगळं चालायला लागलं.

“थांबतं का, हे सगळे विचारतात,” तुम्ही म्हणालात. “मला विचारायचंय, पुन्हा चालू का होतं.”

मी विचारलं, एवढ्यावर डॉक्टर करतात? तुम्ही म्हणालात, करतात, उत्तर मिळालं तर. मग मी विचारलं, उत्तर मिळालं तर त्याचा उपयोग काय? तिथं आपलं भांडण सुरू झालं, आणि ते दोन वर्षं चाललं. तुम्ही म्हणालात, “तू जात्यावर ओव्या म्हणतेस, त्यांचा उपयोग काय?” मी म्हटलं, “दळण होतं.” “उत्तर शोधून ठेवतो,” तुम्ही म्हणालात. प्रत्येक सुट्टीला मी विचारायची, सापडलं का? तुम्ही म्हणायचात, शोधतोय. ते उत्तर आता राहिलंच. मला ते नको होतं हो. मला नुसतं विचारत राहायचं होतं.

दुसरं भांडण बारवेचं. नारूवाली सरकारी माणसं आली, बारव पाहून गेली. पायऱ्यांनी लोक पाण्यात उतरतात, त्यातनं रोग पसरतो, तेव्हा पायऱ्या बंद करायच्या आणि पाण्यात औषध टाकायचं ठरलं. त्या औषधानं सवत वाचणार नव्हती. हैदराबादेत तर ती जगतच नव्हती. तिथल्या नळाच्या पाण्यात महिन्याभरात पिवळी पडायची. इथून बरणी भरून न्यायची, संपली की पुन्हा यायचं, असं तुमचं चाललेलं. मी म्हटलं, गाव तुमचं ऐकतं, एक वर्ष थांबा म्हणून सांगा, तुमचं काम पुरं होऊ द्या. तुम्ही जेवत होतात. घास खाली ठेवलात आणि म्हणालात, “गोदाकाकूला विचारून ये. गवत मोठं की पाय.” गोदाकाकू नारूनं दोन पावसाळे खाटेवर पडून होत्या, पेरणीला त्यांच्या घरचं कुणी नव्हतं. मी विचारायला गेले नाही. तुमचं बरोबरच होतं. तुमचं बरोबर होतं आणि मला अजून राग आहे, दोन्ही खरं.

औषध टाकायच्या आदल्या दिवशी तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरलात. बारवेच्या तळचा गाळ काढलात, रुंद तोंडाच्या डेऱ्यांत तो अंथरलात, वर त्याच बारवेचं पाणी घातलंत आणि झुपके लावलेत. मग मला परसात उभं करून म्हणालात, “आता ही तुझ्या ओटीत.” सवतीला कुणी असं सांभाळलं नसेल. दुपारी चटई घालायची, सकाळी काढायची, पाणी उतरलं की विहिरीचं पाणी रात्रभर निवळून मग वरून धारेनं सोडायचं. वासरू तोंड घालू नये म्हणून काट्या लावल्या. आत्यांना तो वास सोसायचा नाही, त्या तिकडे फिरकायच्या नाहीत; शिवाय डोळ्यांत मोतीबिंदू, डेऱ्यात काय आहे ते त्यांना दिसतही नव्हतं. पण आल्यागेल्याला सांगायच्या, “आमच्या दत्तूचं गवत हाय त्यात. त्येच्यावर त्यो मोठा हुनार हाय.”

तुम्ही मांडीवर बरणी घेऊन बसमध्ये बसायचात. लोक विचारायचे, काय हाय? बारवेतलं गवत, तुम्ही सांगायचात. “का वो, हैदराबादेत गवत मिळंना झालं काय?” हे तुम्ही मला सांगून हसायचात, आणि मी म्हणायची, त्यांचं काय चुकलं.

तुमचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. तुम्हीच एकदा म्हणालात, प्रबंध बांधून येऊ दे, पुठ्ठ्यावर नाव असेल, ते तरी वाचशील ना? मी कबूल केलं. सगळ्यांसमोर ओसरीवर उभी राहून मोठ्यानं वाचीन, म्हटलं. शेवटची मोजमापं तेवढी राहिलीत, दिवाळीपर्यंत होईल, तुम्ही म्हणाला होतात.

या खेपेला आलात ते ताप घेऊन. डोळे पिवळेजर्द. पिशवी ठेवलीत आणि आधी परसात गेलात. मी मागून आले, म्हटलं, “डोळ्यांत हळद उतरलीय, त्यात हिरवं काय दिसणार तुम्हाला?” तुम्ही डेऱ्यावर वाकून म्हणालात, “झकास ठेवलीस गं.” मग भिंत धरून तिथंच बसलात. आत्यांनी झाडपाला आणला, मी म्हणत होते सोलापूरला नेऊ, तुम्ही म्हणालात दोन दिवस पडतो, उतरेल. उतरलं नाही. तुम्हाला आमची ओळख पटेनाशी झाली तेव्हा शेजारच्या भाऊजींनी गाडी जुंपली. तेरपर्यंत गाडीनं, पुढे मोटारीनं. गादी टाकून झाली, तुम्हाला उचलायला चौघं आत आले, आणि तुम्ही गेलात. दारात बैल तसेच जुंपलेले होते. कितीतरी वेळ ते सोडायचं कुणाला सुचलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. ते सांगायचं म्हणून हे सगळं.

गेल्या घरचं पाणी ठेवत नाहीत. कुणी गेलं की घरात भरलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, पालथी घालायची. लहानपणापासून पाहिलंय मी. भूमला आजी गेली तेव्हा मीच घागरी ओतल्या होत्या. मी तुमच्या उशाशी बसले होते, मला काही ऐकू येत नव्हतं. मग आत्यांचा आवाज ऐकू आला. छाती पिटून घेत होत्या आणि मधेच थांबून म्हणाल्या, “घरातलं पानी वता गं बायांनो. थेंब ठिवू नका.” त्यांना गवताचं माहीत नव्हतं असं नाही. पण मुलगा गेल्याच्या घटकेला कुठल्या आईला डेऱ्यातलं गवत आठवेल?

आधी स्वयंपाकघरातलं पाणी ओतलं. मग न्हाणीतलं. मग परसाकडचं दार वाजलं आणि मी एकदम उठले. “पाणी ओतू नका,” मी म्हणाले.

गोदाकाकूंनी मला मिठी मारली. “आसं म्हनू नगं लेकी. ग्येला गं त्यो. वतायाच लागतंय.”

“नाही काकू, ते डेरे ओतू नका. त्यांचं आहे त्यात. त्यांचं सगळं त्यात आहे.”

मी हे म्हणाले आणि बायका आणखी मोठ्यानं रडायला लागल्या. मी जितकं ओरडत होते तितकं त्या मला घट्ट धरत होत्या. त्यांना वाटलं, मला तुमचं जाणं मान्य नाही, म्हणून मी पाणी अडवतेय. कुठल्याही बाईनं हेच म्हटलं असतं, कुणीही हेच समजलं असतं. मी काकूंच्या जागी असते तर मीही असंच धरलं असतं. मला काय म्हणायचंय ते समजेल असं त्या घरात एकच माणूस होतं, आणि ते माझ्या पुढ्यात पडलेलं होतं. परसात पाणी पडल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

तुम्हाला नेलं, बायकांच्या अंघोळी झाल्या, कुंकू पुसणं झालं. मला परसात जायला मिळालं तेव्हा ऊन कलंडलं होतं. काळ्या मातीनं पाणी पिऊन टाकलेलं. डेरे राखेनं घासून, गाळासकट धुऊन ओळीनं पालथे घातलेले. वासरानं तुडवल्यातून मी धागे वेचले. वाळून चुरा होत होते. तांब्यात पाणी घेऊन त्यात ठेवले, तांब्या खाटेखाली लपवला. तुम्ही सांगायचात, एकच खोली आहे, तिचं छत गेलं की घर गेलं. मला ठाऊक होतं. तरी रोज भिंग घेऊन बघत होते आणि मनात आकडे मोजत होते, तुमचे उर्दूतले येतात तेवढे. काही हललं नाही. मग त्याला घाण सुटली आणि मी ते लिंबाखाली पुरलं.

खरं सांगू? तुम्ही गेलात हे माझं दुःख झालं. पण तुमचं कामही गेलं, ते कुणाचं दुःख, हे मला कळत नाही. त्याला सुतक नाही, त्याचा दहावा नाही. त्यासाठी रडायला कुणी येत नाही. एवढी वर्षं एक माणूस जीव टाकून काहीतरी विचारत होता आणि ते असं मातीत जिरलं. मला काही दिसत नाही पुढे. लोक म्हणतात देवाची इच्छा. त्याला नारूवाल्यांची, काविळीची, आणि गोदाकाकूंच्या हातांची सगळ्यांची गरज होती होय, एका गवतापायी?

दहावा झाल्यावर कादर आला. तुमच्याबरोबर काम करणारा, तुमच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की दारात उभा राहिला तेव्हा मी ओळखलं. तेरपासून उन्हात चालत आला होता. ओसरीवर बसून आत्यांचे पाय धरून रडला. त्याच्या काखेत काचेची बरणी होती, तोंडाला मलमल बांधलेली. आत्या चहा टाकायला आत गेल्या तसा तो हळू आवाजात म्हणाला, “भाभी, सरांनी पाठवलंय. दत्ताची शेवटची मोजमापं तेवढी राहिलीत. मी करून टाकतो. सरांनी वर बोलून ठेवलंय, प्रबंध त्याच्याच नावानं जाईल. फक्त गवत पाहिजे.”

मी त्याला परसात नेलं. डेरे दाखवले. काय झालं ते सांगितलं. तो डेऱ्यांपाशी खाली बसला.

“नीचे की मट्टी तरी?”

“धुऊन टाकली.”

“बारव?”

“औषध घातलंय.”

त्यानं बरणी जमिनीवर ठेवली. मग म्हणाला, गवत दुसऱ्या डोहात मिळेलही, पण ते हे नव्हे. दोन वर्षांचे सगळे आकडे या गवताचे आहेत, त्यांना दुसऱ्याचे जोडता येत नाहीत. पहिल्यापासून करावं लागेल. “और पहले से करनेवाला...” म्हणाला. अहो, बोलायला राहिलं काय होतं.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन परसात आल्या. चाचपत चाचपत, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी. बरणी त्यांनी हातानं ओळखली. “ही दत्तूचीच की रं. त्येचं गवत न्याया आलास व्हय? दे की गं विमल त्येला. डेऱ्यात हाय न्हवं?”

मी पाहिलं त्यांच्याकडे. एका वाक्यात सांगून होण्यासारखं होतं. ‘आत्या, थेंब ठेवू नका असं तुम्हीच म्हणालात.’ मला राग नव्हता असं नाही, आहे. पण त्यांच्याजवळ तुमच्यानंतर एवढंच उरलंय की माझ्या दत्तूचं काम मोठं होतं. ते त्यांच्याच शब्दानं बुडालं, हे मी त्यांना कसं सांगू? मी म्हणाले, “डेऱ्यात आता काही नाही, आत्या. गवत मागच्या खेपेलाच सगळं हैदराबादला गेलं. नुसतं पाणी होतं.”

“मंग ही बरनी?”

कादर उठला. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, “पाणी न्यायला आलो, अम्मा. तिथलं पाणी त्याला मानवत नाही. इथलंच लागतं.”

“जितं हाय न्हवं पर ते?”

“जी, अम्मा.”

आत्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही उजळलं. मला हात लावू दिला नाही त्यांनी. स्वतः विहिरीवर गेल्या, पोहरा ओढला, पदरातून गाळून बरणी काठोकाठ भरली, वर मलमल बांधली. कादरच्या हातात देताना म्हणाल्या, “सांडू नगंस रं बाबा. थेंब बी वाया घालू नगंस.”

तो दोन्ही हातांनी बरणी छातीशी धरून निघाला. मी दारातून बघत होते. वळणाच्या पुढे आत्यांना काही दिसणार नव्हतं, तिथं त्यानं ती ओतून टाकली असती तरी कुणी काही म्हणणार नव्हतं. त्यानं ओतली नाही. दिसेनासा होईपर्यंत जपून जपून पावलं टाकत होता, तुम्ही टाकायचात तशी.

तुमचं नाव मला पुठ्ठ्यावरून वाचायला मिळणार नाही. मग आज परसात जाऊन, कुणी नाही असं बघून, मी ते एकदा मोठ्यानं घेतलं. दत्तात्रय. उखाण्याशिवाय. डेऱ्यांखेरीज ऐकायला कुणी नव्हतं.

परतले तर आत्या विहिरीवरून येत होत्या. घरचं पाणी भरून झालं होतं, तरी आणखी एक घागर आणली होती. ती त्यांनी थंड कोपऱ्यात चुंबळीवर ठेवली, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं आणि मला जवळ बोलावून म्हणाल्या, “कादर यीन पुन्यांदा. ही कुनी वतू नगा. दत्तूच्या गवताची हाय.”

मी म्हणाले, “नाही ओतणार, आत्या.”